आधी काळी, मग लाल

गेल्या हिवाळ्यात खालाकडे लग्नाला निघायचे होते. सारे गाडीत बसले, चावी फिरवली आणि गाडी 'टक् टक्' करून गप्प. धाकटा भाऊ नवी बॅटरी घेऊन आला आणि घाईत लाल वायरच आधी सोडवू लागला. पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला टेकले. मोठी ठिणगी उडाली, पाना क्षणात तापला आणि त्याच्या तळहातावर फोड आला. अल्लाहची मेहरबानी, डोळे वाचले.

बॅटरी १२ व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण तिची दोन टोके लोखंडाने जोडली गेली, तर शेकडो अँपिअर करंट वाहतो. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटला, तर बॅटरी फुटून अॅसिड अंगावर उडू शकते.

यावरचा उपाय म्हणजे योग्य क्रम. जवळजवळ सर्व गाड्यांत निगेटिव्ह वायर पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे सारी बॉडीच निगेटिव्ह. ती वायर आधी काढली की मग पाना पत्र्याला टेकला तरी सर्किट पुरे होत नाही. म्हणून काढताना आधी काळी, मग लाल. बसवताना आधी लाल, शेवटी काळी. वायरीचा रंग बदललेला असू शकतो, म्हणून बॅटरीवरची + आणि – ही खूण पाहावी.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करा, चावी काढा, हँडब्रेक ओढा. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवा. हातमोजे आणि चष्मा घाला. जवळ विडी-काडी नको, मुलेही नकोत. काढलेली काळी वायर कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडवा. लहान गाडीची बॅटरीही दहा-बारा किलोची असते. ती सरळ उचला, कलती करू नका. टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी असेल तर बॅटरी काढल्यावर वायरीची टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व जुन्या ब्रशने घासा आणि कोरडी करा. नवी बॅटरी त्याच मापाची, + आणि – त्याच बाजूला असलेली घ्या. पट्टी घट्ट बसवायला विसरू नका.

अॅसिड त्वचेवर किंवा डोळ्यांत गेले तर लगेच वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा. डोळ्यांत सोडा घालू नका, डॉक्टरकडे जा.

खर्च करण्यापूर्वी एकदा मीटर लावून घ्या. उभ्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा साधारण १४ च्या आसपास चढला नाही, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरीही पुन्हा उतरेल.

हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीला, आणि सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाडीला घरी हात लावू नका. ते काम जाणकाराचे.

जुनी बॅटरी अंगणात पडू देऊ नका. तिच्यात शिसे असते, ते मुलांना घातक. दुकानदाराला परत द्या, किंमतीत सूटही मिळते.