खोटा पैसा, खारं पाणी

‘ये रे ये रे पावसा’ या गाण्याचे छुपे अर्थ लावणाऱ्यांचं पेव फुटलंय. एक शहाणा म्हणतो, हे लेकराला लाच द्यायला शिकवणारं गाणं. पावसाला पैसा कबूल करायचा, काम करून घ्यायचं आणि हातावर खोटं नाणं टेकवायचं; म्हणजे भ्रष्टाचाराचं बाळकडूच. दुसरा म्हणतो, छे, यात वैदिक पर्जन्यपूजेचे अवशेष आहेत. तिसरा आपल्यातलाच. तो छाती ठोकून सांगतो की हा सगळा बामणी कावा आहे, गाणं फेकून द्या. आणि या तिघांवर खेकसणारे संस्कृतीचे वतनदार वेगळेच. ते म्हणतात, अहो, लेकरांचं निरागस गाणं, त्यात कसले अर्थ शोधता?

चौघांनाही एकच विचारतो. पाणी कोणाच्या घरात नव्हतं?

लाचवाल्याचं आधी निपटवू, कारण त्याच्यात दम नाही. लाच तो देतो ज्याच्याजवळ खरा पैसा असतो. खोट्या नाण्यावर कोणत्या कचेरीतला बाबू काम करतो, दाखवा मले. या गाण्यातल्या पोट्ट्याजवळ द्यायला काही नाहीच. त्याच्या बापाच्या हातावर जे पडलं तेच तो पुढं सरकवतो. आणि नाणं खोटं ठरवायचा हक्क वऱ्हाडात होता कोणाचा? निजामाचा शिक्का वेगळा, नागपूरकर भोसल्यांचा वेगळा, कंपनीचा वेगळा. बट्टा कापणारा सराफ मात्र सगळीकडं सारखाच. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, राज्य बदललं, पण नाणं दाताखाली धरून पाहणारे तेच राहिले. १९५७ साली रुपयाला चौसष्ट असलेला जुना पैसा जाऊन शंभराचा नवा पैसा आला. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी बाद झाली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि रोजंदारीवाल्या बाया लुगड्याच्या गाठीतली नोट घेऊन बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. सरकारनं पैसा खोटा केला तर ते धोरण. पोट्ट्यानं केला तर संस्कार बिघडले! वा रे न्याय.

आता आपल्या तिसऱ्या दोस्ताकडं येऊ. याच्याशी भांडण घरचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

दोस्ता, तू म्हणतोस कावा आहे. असेल. पुरावा कुठाय? इंग्रजी शाळांत पोरं ‘रिंगा रिंगा रोझेस’ करून गोल फिरतात आणि धप्पकन पडतात. जगभर लोक शपथेवर सांगतात की ते गाणं लंडनच्या १६६५ च्या प्लेगचं आहे. पडणं म्हणजे मरणं. ऐकायला झकास. पण ते गाणं इंग्रजीत छापलेलं सापडतं १८८१ साली, केट ग्रीनवेच्या पुस्तकात. आणि प्लेगची गोष्ट पसरली दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. आयोना आणि पीटर ओपी या नवराबायकोनं जन्मभर बालगीतं गोळा केली, त्यांनी हा अर्थ नाकारला. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं कुणाला न दिसलेला छुपा अर्थ एकाएकी सगळ्यांना दिसायला लागला. आपणही तेच करायचं काय? फुले वाचलेल्या माणसानं कानगोष्टीवर इतिहास उभारायचा?

याउलट ‘इनी मिनी’ या इंग्रजी गणतीच्या जुन्या पाठात काळ्या माणसाला दिलेली शिवी उघड होती. दडलेली नव्हती. पोरं मोठ्यानं म्हणत होती, आईबाप ऐकत होते. आपल्याकडं म्हणींत जातीचं नाव असंच उघड आहे, आजही सभ्य माणसं दिवाणखान्यात हसत-हसत त्या वापरतात. तिथं तुझा विद्रोह चालव. जिथं शिवी डोळ्यासमोर आहे तिथं गप्प आणि जिथं नाही तिथं भिंग घेऊन बसलास, हे कोणतं लढणं?

आणखी एक. हे गाणं आपल्या आयांनीही म्हटलंय. निंदणावरून आल्यावर, चूल पेटायच्या आधी, मांडीवरच्या लेकराला. ते बामणाचं म्हणून सोडून देशील तर त्यांचा सातबारा तूच दुसऱ्याच्या नावावर करून देतोस, लेका.

वेदवाल्याला तर हेच पाहिजे. जे सापडलं ते वेदात नेऊन बांधायचं. बरं, चला वेदात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडळातलं १०३ वं सूक्त बेडकांवर आहे. पावसाळ्यात ओरडणाऱ्या बेडकांना त्यात सोमयागात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा आहे. हे मी नाही म्हणत, त्यांचाच वेद म्हणतो. मॅक्स म्युलरला ती पुरोहितांची टिंगल वाटली, ब्लूमफिल्डनं सांगितलं की तो पाऊस पाडायचा मंत्र आहे. म्हणजे छुप्या अर्थाचं भांडण तिथंही लागलेलंच.

तोच बेडूक आपल्या वऱ्हाडात कुठं दिसतो? धोंडीत. पाऊस लांबला की गरिबाघरची पोट्टी उघड्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधून, काठीला बेडूक टांगून, दारोदार धोंडी मागत फिरतात. घरची बाई तांब्याभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतते, पसाभर दाणे घालते. तेलंगणातही बेडूक मुसळाला बांधून असंच मागतात. वेदातला बेडूक मंत्र म्हणून दक्षिणा घेतो. आपला बेडूक काठीला उलटा लटकतो. हे चित्र शिशुवर्गाच्या भिंतीवर कधी पाहिलं? तिथं रंगीत छत्री घेतलेलं गुबगुबीत गोरं पोरगं असतं. त्याला पाऊस पाहिजे कायले? होडी सोडायला.

आता ते तांब्यातलं पाणी नीट पाहा. दारातली बाई वरून ओतते, पोट्टा खाली उभा. पाऊस पाहिजे तेव्हा हे पुण्य. एरवी हेच वरून ओतणं काय होतं, हे म्हाताऱ्यांना विचारा. विहिरीवर तास-तास उभं राहायचं, कुणाला दया आली तर ओंजळीत वरून धार, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. हात तोच, उंचीही तीच. गावाला पावसासाठी भिजलेलं पोरगं चालतं; विहिरीवर त्याचा दोर चालत नाही. यात छुपं काय आहे, बाप्पा?

आणि निरागसवाल्यांनो, तुम्ही पाण्यात अर्थ शोधत नाही? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी प्यायलं. त्या ओंजळीत तुमच्या आजोबांना एवढा अर्थ दिसला की मंत्र म्हणून, पंचगव्य टाकून तळं शुद्ध करून घेतलं. त्याला आठ महिने पुरे झाले नव्हते, तेव्हा नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या दाराचा होता. तेव्हा पाणी निरागस नव्हतं, देऊळही नव्हतं. फक्त गाणंच तेवढं निरागस?

वऱ्हाडात हे गाणं पुण्यासारखं वाजत नाही, त्याचं कारणही जमिनीतच आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलाय. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतला. विहीर खोदा, खारं. बोअर मारा, खारं. त्या पाण्यावर ना डाळ शिजत ना तहान भागत. गोड पाणी एकच, वरून पडणारं. तिथलं पोरगं पावसाला बोलावतं तेव्हा खेळत नसतं, घागरीची सोय पाहत असतं. धरणं झाली, नळयोजना झाल्या, अप्पर वर्धेच्या पाण्यात औष्णिक वीजकेंद्राचाही वाटा निघाला, तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले. पाटीवरच्या नळयोजनेचं पाणी शेवटच्या टोकाच्या वस्तीत किती दिवसांनी पोचतं, ते त्या वस्तीतली बाई सांगेल.

तेव्हा अर्थाचं भांडण जरूर चालू ठेवा. फक्त पुढची बैठक हॉलमध्ये नको. मे महिन्यात घ्या, दर्यापूर-भातकुलीकडं नाहीतर तेल्हाऱ्याकडं, गावाच्या शेवटच्या हातपंपाजवळ. वेदवाले या, लाचवाले या, निरागसवाले या, आमचा तिसरा दोस्तही येईल. त्या पंपाचं पाणी प्रत्येकानं एक-एक ग्लास प्यायचं. मग बोलू.