आवाज शोधणाऱ्याची मजुरी

फर्स्ट टाकून क्लच सोडला की सीटच्या मागं, खाली कुठंतरी 'टण्ण' व्हायचं. एकदाच. गाडी चालायला लागली की काही नाही. आळेफाट्याच्या चौकात थांबलो, परत निघालो, की परत एकदा टण्ण. उन्हाळी टोमॅटोचा हंगाम तोंडावर आलेला. नारायणगावच्या बाजारातून २० किलोचे साठ-पासष्ट क्रेट भरायचे आणि रात्री माळशेज उतरून कल्याण गाठायचं, हा माझा गेल्या १४ वर्षांचा धंदा. असा आवाज घेऊन रात्रीचा घाट उतरायची माझी तयारी नव्हती, म्हणून गाडी हायवेवरच्या एका गॅरेजला नेली.

तिथल्या मालकानं उभ्याउभ्याच ऐकलं आणि सांगितलं, "शेठ, क्रॉस गेलेत." गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांतले दोन क्रॉस बदलले, मजुरीसकट २,४०० रुपये. संध्याकाळी गाडी घेतली. गेटमधून बाहेर काढतानाच टण्ण. वर नवीन दुखणं असं की ५५-६० च्या पुढं गेलं की खालची फरशी थरथरायला लागायची, डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली नाचायची. दुसऱ्या गॅरेजनं थरथर ऐकून सेंटर बेअरिंग बदललं, २,७००. थरथर तशीच, टण्ण तसंच. तिसऱ्यानं सांगितलं, हौसिंग खोलावं लागेल, क्राऊन-पिनियन बदलावं लागेल, १६,००० धरून चला.

या तिघांपैकी एकानंही मला लुबाडलं असं मी म्हणत नाही. क्रॉस खरोखर नवे बसवले होते, बेअरिंगही खरं होतं. पण तिघांपैकी एकानंही मला एक साधी गोष्ट विचारली नव्हती. आवाज नेमका कधी येतो?

ती विचारली गावाबाहेरच्या मामांनी. आख्खी पंचक्रोशी त्यांना मामाच म्हणते. ट्रॅक्टर, पिकअप, जे येईल ते बघतात. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी मला बाजेवर बसवलं. रिकाम्या गाडीत येतो का भरलेल्या? रिव्हर्सला येतो? चालत्या गाडीत रेस सोडून परत दाबली तर? जोरात ब्रेक मारून थांबलास तर पुढच्या वेळी जास्त वाजतं, का हळू थांबलास तर? मला सगळी उत्तरं ठाऊक होती. भरलेल्या गाडीत जास्त, जोरात थांबल्यावर जास्त, चालत्या गाडीत मुळीच नाही. इतके दिवस ही माहिती मी डोक्यात घेऊन हिंडत होतो आणि ती कुणी मागितली नव्हती.

मग चाकांना दगड लावले, न्यूट्रल केलं, हँडब्रेक सोडला आणि मामा पोत्यावर आडवे झाले. मलाही शेजारी झोपवलं. शाफ्ट दोन्ही हातांनी इकडं-तिकडं पिळून बघितला. क्रॉस गेला असेल तर तिथं प्ले दिसतो, टोप्यांच्या कडेला गंजाची लाल भुकटी दिसते, हळू गाडीत चिरचिर येते. इथं काहीच नव्हतं, क्रॉस तर नवेच होते. मग त्यांनी तारेच्या ब्रशनं शाफ्टवरचा वाळका चिखल खरवडायला घेतला. चिखलाखालून एक बाण निघाला, कारखान्यात कोरलेला. वीतभर अंतरावर दुसरा. एक बाण घड्याळाच्या बारावर धरला तर दुसरा एकाच्या आसपास होता.

"हे समोरासमोर पाहिजेत," मामा म्हणाले. "ही तुझी थरथर."

जे झालं ते असं. गिअरबॉक्स चेसीला पक्का असतो, मागचं हौसिंग पाट्यांवर झुलत असतं. खड्डा आला, लोड भरला, ब्रेक मारला, की दोघांमधलं अंतर बदलतं. म्हणून शाफ्टला थोडं लांब-आखूड होता यावं लागतं, आणि त्यासाठी एका जागी खाचांचा सरकता सांधा असतो, स्लिप जॉइंट. पहिल्या गॅरेजात शाफ्ट उतरवताना हा सांधा निसटला असणार आणि परत घालताना पोरानं तो अंदाजानं घातला, एखाद-दोन खाचा चुकवून. डिप्लोमाला असलेल्या माझ्या पुतण्यानं नंतर वहीत काढून दाखवलं. क्रॉसचा सांधा तिरका फिरला की एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. बाण जुळलेले असले तर एका टोकाची ही ओढाताण दुसरं टोक जिरवतं, चुकले तर शाफ्ट थरथरतो. स्प्रिंगचा नियम ज्यांच्या नावानं आपण शाळेत शिकतो त्या रॉबर्ट हूक यांचंच नाव या सांध्यालाही आहे, हेही त्याच्याकडूनच कळलं. म्हणजे एक दुखणं काढायला गेलो आणि दुसरं विकत घेतलं. मग त्या दुसऱ्यावर २,७०० घातले. पहिलं होतं तिथंच होतं.

ते पहिलं मामांनी ग्रीस गननं शोधलं. स्लिप जॉइंटच्या निपलला गन लावून दाबली तर ग्रीस आत जाईना, तोंडाच्या कडेनंच बाहेर यायला लागलं. वरून बघणाऱ्याला वाटावं, भरलं ग्रीस. मामांनी निपल काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मधलं भोक माती आणि सुकलेल्या ग्रीसनं दगडासारखं बुजलेलं. सुई घातली तरी जाईना. सांधा उघडला तर खाचा कोरड्या ठणठणीत, गंजानं तांबूस. ब्रेक मारला की तो सांधा सरकायचा आणि तसाच अडकून बसायचा. निघताना इंजिनाचा जोर आला की एकदम सुटायचा. तोच तो टण्ण.

खाचा डिझेलनं धुतल्या, ग्रीस थापलं, बाण समोरासमोर आणले, नवं निपल लावलं. मी हायवेवर फेरी मारून आलो. गाडी गप्प होती.

"किती झाले मामा?"

"निपलचे वीस, ग्रीसचे पन्नास. शाफ्ट काढल्या-घातल्याचे तीनशे दे."

"आणि एवढं बघितलंत त्याचे?"

"बघायचे कसले पैसे?"

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. दीड तास तो माणूस पाठीवर पडून होता. मला ज्या कामाची गरज होती ते काम त्या दीड तासातच झालं, आणि मजुरी फक्त नट-बोल्टाची. आपल्या गॅरेजांचा सगळा हिशोब असाच आहे. क्रॉस बदलीचे अमुक, क्लचप्लेटचे तमुक. सुट्या भागावर दोन पैसे सुटतात, तो बसवण्याची मजुरी मिळते. शोधण्याचा रकानाच नाही. ज्यानं दीड तास घालवून बुजलेलं निपल शोधलं त्याच्या हातात ३७० पडतात, ज्यानं उभ्याउभ्या अंदाज बांधला त्याच्या हातात हजार-दोन हजार. जागेचं भाडं भरणारा, चार पोरं सांभाळणारा गॅरेजवाला कोणता रस्ता धरेल? त्याला दोष देऊन भागत नाही. दोष आमचा, गाडीमालकांचा आहे. चार वर्षांपूर्वी एका मेस्त्रीनं मला नुसत्या तपासणीचे २०० सांगितले होते. मी त्याच्याशी वाद घातला आणि गाडी काढून नेली. त्याची मला आज लाज वाटते.

आणि शोधणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, असा काही आपला रिवाज नाही. बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला आपण बोलावतो. तो तळहातावर नारळ घेऊन रान फिरतो, जागा दाखवतो, आपण त्याची दक्षिणा देतो. पाणी लागो न लागो. पण टोमॅटोचं पान मुरगळलं की पान घेऊन औषधाच्या दुकानात उभे राहतो, सल्ला फुकट मिळतो आणि पिशवीत तीन बाटल्या येतात. सल्ला फुकट आहे म्हणूनच बाटल्या तीन येतात.

शाफ्टच्या बाबतीत तर पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरंच आहे. दोन ठिकाणी ५,१०० घालून फरक पडला नाही की माणूस आवाजाची सवय करून घेतो. "जुनी गाडी, वाजणारच," म्हणतो. माझी ती वेळ आलीच होती. पुढच्या वेळी तो आवाज कोरड्या सांध्याचा नसून खरोखर तुटत आलेल्या क्रॉसचा असला तर? पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं तोंड रस्त्यावर आपटतं. मागचा तुटला तरी इंजिनाचा आणि चाकांचा संबंध संपतो. माळशेज उतरताना सेकंडला गाडी इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त मदतीला असतो. तो आधार गेला की सव्वा टन माल, उतार आणि तापलेले ब्रेक, एवढंच उरतं. खाली मोरोशीकडून वर येणारी एसटीही त्याच वळणावर असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक गॅरेजच्या बिलावर 'तपासणी' असा वेगळा रकाना असावा आणि त्याचा दर भिंतीवर लिहिलेला असावा. ३०० असो, ५०० असो. आणि पुढं पार्ट बदलला तर तपासणीचे पैसे त्यातून वळते करायचे नाहीत. वळते केले की शोधणाऱ्याचं पोट परत पार्टलाच बांधलं जातं. काही सापडलं नाही तरी ते पैसे आपण द्यायचे. आपणही गाडी नुसती चावीसकट टाकून चहाला जायचं नाही. शेजारी बसून एक फेरी मारायची, आवाज कधी येतो ते सांगायचं, काढलेला पार्ट हातात घेऊन बघायचा. प्रेशरनं गाडी धुतली की शाफ्टला ग्रीस मारून घ्यायचं आणि ते आत गेलं का तेही वाकून बघायचं.

गेल्या आठवड्यात पुढच्या चाकातून घासल्याचा आवाज यायला लागला, परत मामांकडं गेलो. अर्धा तास गेला. चाक काढलं, डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकलेला होता. त्यांनी तो पक्कडीनं काढून टाकला, चाक चढवलं, हात पुसले.

"किती मामा?"

माझ्याकडं न बघता, पाने पेटीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "तपासणीचे तीनशे."

मी दिले.