‘स्वदेस’ला नाही, मग ‘जवान’ला कसा? राष्ट्रीय पुरस्कारांवरून चाहते भांडतात ते नेमकं कशावरून?

१ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि मोबाईलवर दोन गट पडले. ‘जवान’साठी शाहरुख खानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून एक गट खूश. दुसऱ्याचा सवाल होता, ‘स्वदेस’ला दिला नाही आणि ‘जवान’ला देता? ‘१२वी फेल’च्या विक्रांत मेस्सीलाही तोच पुरस्कार विभागून मिळाला, पण तो या गोंगाटात मागेच पडला.

गंमत म्हणजे यंदा चित्रपट विभागाच्या ज्युरीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, म्हणजे ‘स्वदेस’चेच दिग्दर्शक.

ज्युरी जुनी चूक सुधारू शकते का?

नाही. त्या वर्षात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या आणि प्रवेशिका पाठवलेल्या चित्रपटांतूनच निवड होते. यंदाचं वर्ष होतं २०२३. आधी प्रादेशिक समित्या, मग केंद्रीय ज्युरी. प्रेक्षकांचं मतदान कुठेच नाही. ‘स्वदेस’च्या वर्षी हा पुरस्कार ‘हम तुम’साठी सैफ अली खानला गेला, तो विषय तिथेच संपला. (‘स्वदेस’साठी शाहरुखला फिल्मफेअर मिळालं होतं. भांडताना हे दोन पुरस्कार सर्रास एक केले जातात.)

त्यामुळे ‘कारकिर्दीकडे बघून दिला’ हे समर्थन नियमात बसत नाही आणि ‘स्वदेस’चा राग यंदाच्या ज्युरीवर काढण्यातही अर्थ नाही. ‘जवान’मधला अभिनय त्या वर्षातला सर्वोत्तम होता का, एवढाच प्रश्न उरतो. त्यावर जरूर भांडावं.

मग खरी तक्रार कशाची हवी?

उशिराची. स्टारला पुरस्कार दोन वर्षांनी मिळाला काय आणि दोन महिन्यांनी मिळाला काय, फारसा फरक पडत नाही. छोट्या चित्रपटाला पडतो.

याचं उदाहरण नगर जिल्ह्यातच आहे. इथले भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबाची गोष्ट सांगणारा ‘ख्वाडा’ केला, त्यासाठी घरची जमीन विकली. मार्च २०१५ मध्ये २०१४ सालचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. त्यात कऱ्हाडेंचा विशेष उल्लेख झाला, शिवाय ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार आला. चित्रपट थिएटरला लागला ऑक्टोबर २०१५ मध्ये. म्हणजे आधी पुरस्कार, मग प्रेक्षक. मोठं नाव नसलेल्या चित्रपटाच्या पोस्टरवर ‘राष्ट्रीय पुरस्कार’ हे दोन शब्द काय करतात, हे वेगळं सांगायला नको. त्याआधी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतरचे.

आता यंदाच्या मराठी विजेत्यांकडे बघा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’, सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ २’, पदार्पणासाठी ‘आत्मपॅम्फ्लेट’चे आशिष बेंडे. पाच बालकलाकारांपैकी चार मराठी चित्रपटांतले. अभिमान वाटावा अशीच यादी आहे. पण ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ २’ दोन्ही लागले १० नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, एकाच शुक्रवारी. दोनच दिवसांनी रविवारी सलमानचा ‘टायगर ३’ आला. तालुक्याच्या गावात जिथे एक-दोन पडदे, तिथे शो कुणाला मिळणार? त्या आठवड्यात या चित्रपटांना पुरस्काराचा आधार हवा होता. तो आला जवळपास २१ महिन्यांनी. तोवर पोस्टर कधीच उतरलं होतं.

आधी निवडणूक, मग कोरोना, असं करत हे वेळापत्रक घसरलं ते अजून रुळावर आलेलं नाही. २०१४ च्या चित्रपटांचा निकाल तीन महिन्यांत लागत होता, २०२३ च्या चित्रपटांना दीड वर्षाहून जास्त लागलं.

२३ सप्टेंबरला दिल्लीच्या विज्ञान भवनात साडी नेसून पुरस्कार घेणाऱ्या चिमुकल्या त्रिशा ठोसरचा व्हिडिओ घराघरांतल्या फॅमिली ग्रुपवर फिरला. तो बघून कुणाला त्याच आठवड्यात नगरच्या थिएटरात ‘नाळ २’चं तिकीट काढावंसं वाटलं असतं, तर तो तिथे कधीच लागून गेलेला होता.