आजोबांची बंदूक आणि हरणाला दिलेली संधी



सध्या मी मुलाकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आहे. यंदाचं दशलक्षण पर्व इथेच झालं. या दिवसांत मी एरवी मेथीच्या लाडवांवर वगैरे लिहिते, पण गेले आठ दिवस या घरात जेवताना कुणी कुणाशी धड बोलत नाही. कारण शेजाऱ्यांनी माझ्या तेरा वर्षांच्या नातवाला हरणाच्या शिकारीला बोलावलं आहे.

आधी शेजाऱ्यांबद्दल सांगते, कारण ते वाईट गृहस्थ असते तर हा लेख दोन ओळींत संपला असता. पन्नाशी उलटलेले, सुतारकामात हात चांगला. बर्फ पडला की आमच्या दारातला रस्ताही स्वतःच साफ करतात. अंगणात शेगडी लावून मांस भाजायचं असेल तर वारा आमच्या खिडकीकडे नाही ना ते बघतात. मी कांदा खात नाही हे एकदा सांगितलं, ते आजतागायत लक्षात ठेवलंय. असा माणूस नातवाला म्हणाला, "ये माझ्याबरोबर, माझ्या आजोबांची रायफल दाखवतो."

ती रायफल मीही पाहिली. त्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून ठेवली होती. जर्मन माऊझर, दुसऱ्या महायुद्धातली. पाच गोळ्या भरायच्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. त्यांच्या आजोबांनी ती जर्मनीतून आणली. शरण आलेल्या सैन्याची शस्त्रं अमेरिकन सैनिक आठवण म्हणून घरी आणत, वरिष्ठांच्या सहीचा कागद असला की झालं. तो कागदही त्यांनी जपून ठेवलाय. पोलादावर एक गरुड ठोकलेला आहे आणि त्याच्या पायात बारीकसा स्वस्तिक. नातू मला म्हणाला, "आजी, हे तुझ्या पाटावरचं." मी म्हटलं, "नाही रे बाबा, ते नाही." रोज सकाळी अक्षतांचा स्वस्तिक काढणाऱ्या बाईला ते चिन्ह तिथे बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

इथे थँक्सगिव्हिंगच्या पाठोपाठ येणाऱ्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा, तेव्हा कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. प्रशिक्षण घेतलं की बाराव्या वर्षी शिकारीचं लायसन मिळतं. माझा मुलगा म्हणतो, "आई, तो बंदूक हातात घेणार नाही, नुसता सोबत जाईल. इथलं कल्चर आहे. मुलं त्याला वेगळं पाडतात गं." वेगळं पाडण्याचं दुःख मला कळतं. कॉलेजच्या सहलीत बी.कॉम.च्या पूर्ण वर्गात संध्याकाळी सूर्यास्ताआधी डबा उघडून बसणारी मी एकटीच होते. पण त्यासाठी एक जीव मरताना बघायला पोराला पाठवायचं, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहिते.

शेजाऱ्यांचं म्हणणं असं. आजकालचे शिकारी रायफलीवर दुर्बीण लावतात, दोनशे-तीनशे यार्डांवरून हरीण टिपतात, ती काही शिकार नव्हे. आजोबांच्या रायफलीला दुर्बीण नाही. डोळ्याजवळच्या पट्टीवर एक खाच, नळीच्या टोकावर एक बारीक उभं टोक, आणि ते टोक खाचेत बरोबर बसवून हरणावर धरायचं. याला इथे आयर्न साइट्स म्हणतात. त्यामुळे त्यांना हरणाच्या फार जवळ जावं लागतं, वारा बघावा लागतो, पान वाजू न देता तासन्तास थंडीत बसावं लागतं. "मी हरणाला संधी देतो," असं ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आता ही संधी तपासूया. खाच, टोक आणि हरीण या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो, बाकी दोन धूसर. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणाऱ्या कोणत्याही बाईला हे वेगळं सांगायला नको. शेजारी वर्तमानपत्र वाचताना चष्मा लावतात. त्यात हरणं फिरतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे उजेड सगळ्यात कमी असतो तेव्हा. मग काय होतं? नेम पूर्ण चुकला तर हरीण पळून जातं, ती खरी संधी. पण नेम अर्धा चुकला तर? गोळी पोटात लागते, पायात लागते, जबड्यात लागते. पोटात लागली तर लगेच मागे जाऊ नये, काही तास थांबावं, म्हणजे ते कुठेतरी आडवं पडतं आणि मग रक्ताच्या खुणांवरून शोधता येतं, असं शिकारीच एकमेकांना शिकवतात. शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी अंधार पडताना एक हरीण मारलं, टॉर्च घेऊन रात्री शोधलं, सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी. हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता हेही खरं. ती रात्र त्या हरणाने कशी काढली? दुर्बीण न लावण्यात माणसाचं कौशल्य पणाला लागतं हे मला मान्य, पण हुकलं तर भरपाई करतो दुसराच. शर्यत म्हणायची तर दोघांनी कबूल केलेली हवी. त्या बिचाऱ्याला शर्यत सुरू झाल्याचंही माहीत नसतं.

दुसरा मुद्दा मुलाचा. म्हणे हरणं फार वाढली आहेत, गाड्यांवर आदळतात, जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात. हे खोटं नाही. रात्री गाडीने येताना मीही जीव मुठीत धरून बसते. पण वाढली कशी? याच राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरीण जवळपास संपलं होतं, माणसांनीच संपवलं होतं. लांडगे आणि डोंगरी सिंहही संपवले. मग 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली, ती शिकारीला मिळावीत म्हणून. खाणारा प्राणी आधी मारला, मग भक्ष्य वाढवलं, आणि आता भक्ष्य वाढलं म्हणून बंदूक हवी! शिवाय इथल्या वन्यजीव खात्याच्या उत्पन्नात शिकारीच्या लायसन फीचा आणि रायफली-काडतुसांवरच्या 11 टक्के केंद्रीय कराचा मोठा वाटा असतो. त्या पैशातून जंगलं राखली गेली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ज्या दुकानाचा गल्ला गिऱ्हाइकावर चालतो, ते गिऱ्हाईक तुटेल इतका माल कमी होऊ देईल का?

तरी घटकाभर धरून चालू की मारणं अटळ आहे. मग ते अटळ काम जसं करावं तसं करा की! सगळ्यात चांगली दुर्बीण लावा, सगळ्यात तरुण डोळ्याच्या माणसाला पाठवा, एका गोळीत संपेल असं बघा, आणि घरी येऊन गप्प बसा. ऐंशी वर्षांची बंदूक मुद्दाम काढायची, नेम कठीण करून घ्यायचा, त्यात मजा मानायची, आणि कुणी विचारलं की जंगलाच्या भल्यासाठी म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही. गरज असेल तर खेळ नको. खेळ असेल तर गरजेचं नाव घेऊ नका.

गोळीचं ऐकून तर मी थक्क झाले. 1899 साली हेगच्या परिषदेत ठरलं होतं की शरीरात शिरल्यावर फुलणारी किंवा चपटी होणारी गोळी युद्धात वापरायची नाही. असली गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या दमदमला बनवली, म्हणून तिचं नाव दमदम. म्हणजे या रायफलीतून शत्रूवर झाडायची ती पूर्ण आवरणाची गोळी. तीच रायफल हरणावर रोखली की गोळी फुलणारीच हवी, कारण आवरणाची गोळी आरपार जाते आणि जनावर उगाच हाल होऊन मरतं. कारण योग्यच आहे. पण माणसाच्या बाबतीत जी क्रूर ठरली ती हरणाच्या बाबतीत दयाळू ठरते, हे गणित मांडताना कुणाचाच हात कसा अडखळत नाही?

आता आजोबांचं. वारसा हा शब्द शेजाऱ्यांनी चार वेळा उच्चारला. आपल्याकडे गृहस्थाची हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी, स्वतःच्या किंवा देशाच्या रक्षणात होते ती विरोधी, आणि मारायचं ठरवून मारणं ती संकल्पी. पहिल्या तीन श्रावकाला पूर्ण टाळता येत नाहीत, जपून वागायचं. चौथी मात्र पूर्ण सोडायची. शेजाऱ्यांचे आजोबा हिटलरच्या सैन्याशी लढले. ती विरोधी हिंसा, मी त्यांना दोष देणार नाही, हात जोडीन. पण नातवाने त्यांच्याकडून बंदूक घेतली, प्रसंग नाही घेतला. तेव्हा समोर सशस्त्र सैन्य होतं, आता समोर ओकची फळं खाणारं हरीण आहे. आणि ही बंदूक तर शत्रूने खाली ठेवलेली. आजोबांनी तिला कामावरून कमी करून घरी आणलं होतं, नातवाने पुन्हा नोकरीला लावलं.

मी हे हवेत बोलत नाही. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, घरात पाटीलकी. सोप्यात आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची, उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. आजोबा गेल्यावर वडिलांनी लायसन आपल्या नावावर करून घेतलं नाही. बंदूक पोलीस स्टेशनात जमा केली आणि पावती सातबाऱ्याच्या फाइलीत लावली. चुलते वर्षभर बोलत नव्हते, घराण्याची निशाणी घालवली म्हणून. डुकरांनी बांधाकडच्या सऱ्या दरवर्षी खाल्ल्या. वडील म्हणायचे, तेवढा त्यांचा वाटा. परवडत होतं म्हणून म्हणू शकले, हेही मान्य करते.

आणि सासरी? शेजारीण उंदराचा सापळा मागायला आली तर सासूबाई हात जोडून नाही म्हणत. हिंसेचं साधन दुसऱ्याला देणं हेही हिंसादान, अनर्थदंडातलं. तेव्हा मला ते अतिरेकी वाटायचं. आज वाटतं, सापळा द्यायचा नाही आणि नातू द्यायचा?

माझ्यावर उलटायला जागा आहे, मुलाने उलटवलंही. "आई, तू चहात दूध घेतेस, त्या गाईचं वासरू कुठे जातं?" खरंय, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. इथे आल्यापासून मी चहा कोरा घेते, तो काही पुरा उपाय नव्हे. शेजारी जे मारतात ते खातात, उरलेलं गरिबांच्या अन्नकेंद्रांना देतात, तशी योजनाच आहे इथे. दुकानातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मांस आणून शिकाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांपेक्षा ते प्रामाणिक आहेत. पण माझी हिंसा कमी कशी होईल हे मी रोज बघते. ते मात्र डिसेंबर संपला की पुढच्या नोव्हेंबरचे दिवस मोजतात. आमच्या शांतिनाथ भगवानांचं लांछन हरीण आहे. नेमिनाथांनी तर कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून भर वरातीतून रथ फिरवला. नातवाला या दोन्ही गोष्टी पाठ आहेत, मीच झोपताना सांगितल्यात.

काल शेजाऱ्यांकडे जाऊन मी सरळ सांगितलं की नातू येणार नाही असं माझं मत आहे, निर्णय त्याच्या आईवडिलांचा. रायफल भिंतीवर लावा, बोल्ट काढून ठेवा, खाली आजोबांचा तो सहीचा कागद फ्रेम करा, मी स्वतः बघायला येईन, असंही म्हटलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "विचार करतो," म्हणाले, आणि निघताना बटाटे दिले. आपण खात नाही हे त्यांना माहीत नाही, मी सुनेकडे दिले.

शनिवारला अजून पाच दिवस आहेत. नातवाला मराठी ऐकून सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. त्यामुळे हे त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्याच्या बापाचं आहे. आज रात्री जेवणानंतर त्याने वाचायचं कबूल केलंय.