गाडीच्या रंगाची राखण
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भागात डिझेलचा हात मारल्याशिवाय गाडी पुसली असे कोणी मानीत नाही. विटा-कऱ्हाड रस्त्यावर वडापच्या जीपगाड्या उभ्या असतात, तेथे सकाळी सातला जाऊन पाहावे. एक जुने फडके, डब्यात थोडे डिझेल, आणि ड्रायव्हर मोठ्या मायेने बॉनेट पुसत असतो. गाडी घटकाभर आरशासारखी दिसते. मग प्रवासी बसतात, गाडी निघते आणि पाच-सहा किलोमीटरांत रस्त्याची सगळी धूळ त्या तेलकट बॉनेटला चिकटून बसते. संध्याकाळी तीच धूळ, तेच फडके आणि पुन्हा डिझेल. ह्याला आपण गाडीची काळजी म्हणतो! माझ्या मते हा रंग घासून काढण्याचा रोजचा कार्यक्रम आहे.

असला विषय कॉलेजच्या वार्षिकांकात कशाला, असे काहींना वाटेल. पण माझे वडील वडापची जीप चालवतात. घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली, आणि माझी फी ज्या गाडीतून येते ती गाडी रोज सकाळी मीच धुते. शेतकऱ्याच्या मुलीने जमिनीच्या कसाबद्दल लिहिले तर कोणी हसत नाही. आमची जमीन चार चाकांवर आहे, एवढाच फरक.

आबांनी मागची जीप विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने इंजिन ऐकले, गिअर टाकून पाहिले, टायर दाबले. सगळे ठीक. शेवटी त्याने बॉनेटवरून बोट फिरवले. बोट खडूसारखे पांढरे झाले. एक शब्दही न बोलता त्याने ते बोट आबांपुढे धरले आणि किंमत पाडली. तेव्हापासून मी ह्या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहू लागले.

तो खडू म्हणजे काय? रंगात रंगद्रव्याचे कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारी राळ असते. उन्हातले अतिनील किरण ही राळ हळूहळू मोडतात. मग कण सुटे होतात आणि बोटाला लागतात. डिझेलने ते सुटे कण ओले होतात, म्हणून रंग पुन्हा गडद दिसतो, इतकेच. राळ काही परत येत नाही. उलट गाडीवर मेणाचा थर असलाच तर डिझेल तो विरघळवून टाकते, आणि दाराच्या रबरी पट्ट्याही फुगवते.

आता दुसरा गैरसमज. पॉलिश आणि वॅक्स एकच, असे दुकानदारसुद्धा सांगतात. पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती रंगाचा वरचा पातळ थर काढते आणि ओरखड्यांच्या कडा सपाट करते. वॅक्स काही काढत नाही, वर थर घालते. एक खर्चाचे काम, दुसरे बचतीचे! कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग, अस्तरापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीवर आपण दर दिवाळीला रबिंग मारत बसतो. ही पुंजी किती वर्षे पुरणार? पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही गरज असेल तर, आणि वॅक्स दर तीन-चार महिन्यांनी, असा माझा हिशेब आहे. आधी गाडीच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन चोळून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही, असे समजावे आणि हात आणखी हलका ठेवावा.

हे ज्ञान परदेशातूनच यायला हवे होते असे मुळीच नाही. चांगल्या वॅक्समधले मेण ब्राझीलच्या कार्नोबा ताडाच्या पानांवरून येते हे खरे. पण पातळ हाताची विद्या मिरजेत फार जुनी आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कारागीर लाकूड पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात आणि मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ पातळ हात देतात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. आमच्या गावातही बेंदराला आधी बैल धुतात, शिंगे साळतात आणि मगच हिंगूळ लावतात. घाणेरड्या शिंगावर हिंगूळ लावणाऱ्याला गाव हसेल. धुळीच्या बॉनेटवर वॅक्स चोळणाऱ्याला मात्र कोणी हसत नाही.

धुण्याचे म्हणाल तर दोन बादल्या पुरतात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायचे साधे पाणी. भांड्यांचा साबण नको, तो मेण काढतो. गाडी सावलीत, बॉनेट गार झालेले, आणि धुणे टपापासून खाली; कारण खालच्या पत्र्यावर चिखल जास्त असतो. बोअरचे पाणी असेल तर लगेच कोरडे पुसावे, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. हंगामात धुराड्यांची काजळी गाडीवर पडते, ती कोरडी पुसली की काळे फराटे ओढले जातात. पक्ष्याची घाण दुपारपर्यंतही ठेवू नये, ती रंग खाते.

पाईप लावून गाडी धुणाऱ्यांचा मला राग येतो, हे लपवीत नाही. दहा मिनिटे पाईप सोडला की शंभरावर लिटर पाणी गटारात जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी गेले, तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिले. आमच्या माण-खटावात आणि जत-आटपाडीत टँकरची वाट पाहत कितीतरी उन्हाळे गेले. पाणी मुबलक ओतावे अशी वेळ एकच, पुरानंतरची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. अशा पुराचा वाळलेला गाळ फडक्याने पुसणे म्हणजे गाडीला पॉलिश पेपर लावणे. तो भिजवून, वाहवूनच काढला पाहिजे, आणि दारांच्या तळाशी पाणी जाण्याची भोके असतात तीही मोकळी केली पाहिजेत, नाहीतर पत्रा आतून गंजतो.

हल्ली सातारा-सांगलीत सिरॅमिक कोटिंगच्या पाट्या दिसतात. ही वस्तू खोटी नाही. काचेच्या जातीचा तो पातळ थर मेणापेक्षा पुष्कळ टिकतो. पण पाटीवर '९एच' लिहिलेले वाचून लोकांना हिऱ्याची आठवण होते. तो आकडा पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचा आहे! आपल्या रस्त्यावरच्या वाळूचा कण त्या थरावरही ओरखडा काढतो. ज्याची गाडी नवी आहे आणि खिसा भरलेला आहे त्याने खुशाल करून घ्यावे. वडापवाल्याने वॅक्सची डबी, चार सुती बनियनांची मऊ फडकी आणि रविवारचा एक तास ह्यांवर भागवावे.

गल्लीतल्या बायका विचारतात, "पोरगी एवढी शिकतीय आणि गाडी काय धुतीय?" मी त्यांना दसऱ्याचे सांगते. खंडेनवमीला आबा बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार घालतात. ते दोन-दोन दिवस तसेच राहिले की डाग उतरत नाही, आणि हाराचा दोरा वाऱ्याने हलून रंगावर रेघा काढतो. यंदा मी स्वस्तिक पुढच्या काचेवर काढायचे सुचवले. आबांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "काच बी गाडीचीच की!"