तिकिटावरचे गलबत

भारतीय टपाल खात्याने १९९९ साली कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील शिडाच्या जहाजाचे चित्र तिकिटावर छापले. इंग्रजांनी ज्यांची ‘चाचे’ म्हणून संभावना केली, त्या सरखेलांचा हा उचित गौरव होय. चपळ गलबते आणि तोफांनी सज्ज गुराबा यांच्या बळावर त्यांनी कोकण किनाऱ्यावर हुकमत बसविली. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज एकजुटीने कुलाब्यावर चालून आले. त्यांना हात हलवीत परतावे लागले.

तथापि तिकिटावर न मावणारा इतिहासही विसरता कामा नये. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्याशी वितुष्ट आल्यावर नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजी तोफांच्या माऱ्याने तुळाजींचे आरमार जळून खाक झाले. तुळाजींचा उद्दामपणा नाकारता येणार नाही. परंतु एका सरदाराला वठणीवर आणण्यासाठी राज्याचे सागरी बळ परक्यांच्या हातून जाळून घेणे, हा सौदा फार महागात पडला. पेशव्यांचे आरमार पुढेही होते. आंग्र्यांचा दरारा मात्र त्याला लाभला नाही. त्या गलबतांचा अभिमान जरूर बाळगावा. पण ती कोणाच्या भांडणात जळाली, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.