खापर करंटवर

भिंतीला ओल आली, फोडून पाहिले तर तांब्याच्या पाइपला बारीकसे भोक. निदान ठरलेलेच असते: ‘अर्थिंगचा करंट पाइप खातोय.’ प्लंबर वायरमनकडे बोट दाखवतो, वायरमन पाण्याकडे. काढलेला तुकडा चिरून मात्र कुणी पाहत नाही.

भटका करंट धातू खातो, हे खरेच. पण त्याला डीसी लागतो आणि झीज होते ती करंट पाइप सोडून मातीत उतरतो तिथे, बाहेरच्या अंगाने. असा एक अँपिअर करंट वर्षभर वाहिला तर दहा किलोवर तांबे जाऊ शकते. मुंबईत १९२५ साली लोकलसाठी आलेला १५०० व्होल्टचा डीसी २०१६ मध्ये हार्बरवरूनही गेला. रुळांतून जमिनीत झिरपणारा तसला करंट पुरलेल्या नळांचा खरा वैरी. घरातला करंट एसी. सेकंदाला पन्नासदा त्याची ये-जा चालते, त्यामुळे सुटलेला धातू बराचसा जागच्या जागी परततो आणि झीज डीसीच्या मानाने नगण्य राहते.

तुकडा उभा चिरला की बहुधा वेगळेच दिसते. डाखाच्या सांध्याशी आत ओघळून राहिलेला फ्लक्स, हिरव्या खपलीखाली खड्डा. गरम पाण्याच्या फिरत्या लाइनीत एल्बोच्या पुढे नालेच्या आकाराचे खड्डे असतील, तर पाण्याचा वेग जास्त आहे. पोखरण आतून आहे, म्हणजे दोष पाण्याचा नाहीतर जोडकामाचा.

चुकीच्या निदानाने नुसता खर्च वाढला असता तर चालले असते. पण ‘पाइप वाचवायला’ म्हणून त्याला जोडलेली अर्थिंगची तार सोडवली जाते, नाहीतर मध्ये प्लास्टिकचा तुकडा बसतो. जुन्या इमारतींत कित्येकदा नळ हेच अर्थिंग असते. मग गीझरचे कॉइल फुटले की करंटला जायला वाट उरत नाही. तीसेक मिलिअँपिअर एसीने तांब्याचे काही बिघडत नाही. ओल्या अंगाने नळ धरणाऱ्याचा जीव मात्र जाऊ शकतो.

तेव्हा आधी इमारतीला स्वतंत्र अर्थिंग, घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, त्याचे टेस्ट बटण दाबून खात्री. तोवर त्या तारेला हात लावू नये. आणि करंटवर खापर फोडणाऱ्या प्लंबरने बिलासोबत पाइपचा चिरलेला तुकडाही दाखवावा.